चौकातली तीन सेकंदं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. वक्ते आपल्या सोसायटीचे सभासद असून एसटी महामंडळातून चालक-प्रशिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत.)



या व्याख्यानमालेत आधी डॉक्टरसाहेब हृदयविकारावर बोलले. मग बँकेतल्या मॅडम ऑनलाइन फसवणुकीवर बोलल्या. अध्यक्ष मला म्हणाले, "काका, तुम्ही गाडीवर बोला." गाडीवर बोलायला मला केव्हाही आवडतं. पण आज मी गाडीवर बोलणार नाही, चौकावर बोलणार आहे. आपल्या गेटपासून दीडशे पावलांवर सिग्नलचा जो चौक आहे, त्या चौकावर.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा इथं सिग्नल नव्हता. डिव्हायडरही नव्हता. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. त्या वेळी सोसायटीत चारचाकी किती होत्या, तर बोटावर मोजण्याइतक्या. आज पार्किंगवरून सर्वसाधारण सभेत जी भांडणं होतात, त्यावरून गाड्या किती झाल्या हे मी वेगळं सांगायला नको. एका घरात दोन-दोन दुचाकी, एक कार, आणि ट्यूशनला जाणाऱ्या मुलाची मोपेड वेगळी. तीच गत साऱ्या यवतमाळची. दत्त चौक घ्या, बसस्थानक चौक घ्या, आर्णी नाका घ्या. एमएच २९ ची पाटी लावलेली इतकी वाहनं या शहरात मावतील, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यात नागपूर-तुळजापूर महामार्ग आपल्या शहराला लागून जातो. एसटी आहे, कापसाच्या हंगामातले ट्रॅक्टर-ट्रॉली आहेत, मोठे ट्रेलर आहेत, आणि या सगळ्यांच्या मधून आपली स्कुटी.

आता एक आकडा सांगतो, मग आकडे कमीच सांगीन. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली १५ हजार २२४ आपल्या महाराष्ट्रातली. आणि हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेली दुचाकीवरची माणसं देशभरात ५० हजारांच्या वर. पन्नास हजार म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव लहान-थोरांसकट पुसून टाकल्यासारखं झालं. दर वर्षी.

सिग्नल हा प्रकार आपल्याला आजकालचा वाटतो, पण तो दीडशे वर्षांहून जुना आहे. पहिला सिग्नल लागला लंडनमध्ये, तिथल्या संसदेसमोर, डिसेंबर १८६८ मध्ये. रेल्वेच्या एका इंजिनिअरनं रेल्वेच्या सिग्नलवरूनच तो बनवला. गॅसवर जळणारे लाल-हिरवे दिवे, आणि ते फिरवायला एक शिपाई. महिनाभरातच गॅसचा स्फोट झाला, तो बिचारा शिपाई भाजला आणि सिग्नल बंद पडला. पुढं १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात विजेचा सिग्नल आला. पण त्यातही दोनच रंग, लाल आणि हिरवा. मधला पिवळा दिवा आला १९२० मध्ये, डेट्रॉईटमध्ये, आणि तो चौकात उभं राहणाऱ्या एका पोलिसानं आणला. का आणला? कारण हिरव्यावरून एकदम लाल झालं की चालत्या गाडीला थांबायला वेळच मिळत नव्हता.

हे मी मुद्दाम सांगतोय. लाल दिवा थांबण्यासाठी आहे, हिरवा जाण्यासाठी आहे. पिवळा कशासाठी आहे, हे मात्र आपल्याकडं शंभरातल्या नव्वद जणांना विचारलं तर उत्तर येतं, "लवकर काढा जी, लाल होते!" म्हणजे ज्या दिव्याचा शोध थांबण्यासाठी लागला, त्याचा अर्थ आपण पळण्यासाठी लावला.

आता जरा हिशेब करू. मुलांनो, हा तुमच्या भौतिकशास्त्रात आहे, आणि तो परीक्षेत येवो न येवो, चौकात रोज येतो. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर ती एका सेकंदात ११ मीटर जाते. पिवळा दिवा दिसला, डोक्यात शिरला, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर गेले. त्यानंतर धक्का न देता, मागच्याला सांभाळून गाडी थांबवायची तर आणखी साधारण २० मीटर. एकूण ३१. आपल्या गेटपासून झेंड्याच्या खांबापर्यंत बरोबर तेवढं अंतर आहे, मी आणि वॉचमननं टेप लावून मोजलं.

आता वेग ६० करा. सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. विचार करण्यात १७ गेले, ब्रेकमध्ये ४६ गेले. एकूण ६३. म्हणजे झेंड्याचा खांब गेला, गणपतीचा मंडप गेला, मागची भिंत ओलांडून गाडी शेजारच्या प्लॉटमध्ये. वेग दीडपट झाला, थांबायचं अंतर दुप्पट झालं. आणि हे कोरड्या रस्त्याचं आणि धड ब्रेकचं गणित आहे. भरलेल्या बसला, ट्रकला याहून जास्त लागतं.

पिवळा दिवा साधारण तीन सेकंद असतो. ४० च्या वेगात तीन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. म्हणजे काय झालं बघा. पिवळा लागला तेव्हा तुम्ही थांबरेषेपासून ३१ मीटरच्या बाहेर असाल तर आरामात थांबता येतं. आत असाल तर लाल व्हायच्या आधी रेषा ओलांडता येते. दोन्हीकडून तुमचा जीव सुरक्षित. पण ६० च्या वेगात तीन सेकंदांत ५० मीटर जाता येतं, आणि थांबायला ६३ मीटर लागतात. मग जो माणूस ५० आणि ६३ च्या मध्ये आहे त्यानं काय करायचं? त्याला धड थांबताही येत नाही आणि धड निघताही येत नाही. इकडं आड तिकडं विहीर! तो करकचून ब्रेक मारतो, तर मागचा त्याच्यावर आदळतो. नाही मारला, तर तो लाल दिव्यात चौकाच्या मधोमध असतो.

ही विहीर त्या माणसासाठी दुसऱ्या कोणी खणली नाही. ती त्याच्याच वेगानं खणली. चौक दिसला की वेग ४० वर, गर्दी असेल तर त्याच्याही खाली. बस्स. विहीर बुजली. एसटीत नवीन चालक आला की त्याला आम्ही पहिली सवय हीच लावायचो. चौक जवळ आला की दिवा हिरवा का असेना, एक्सलरेटरवरचा पाय काढायचा आणि ब्रेकच्या वर आणून ठेवायचा. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. आणि आरशात बघायचं, मागं कोण आहे, किती जवळ आहे. दुचाकीवाल्यांनी पायाऐवजी बोटं समजावं. दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर. एवढ्यानं तो एक सेकंद अर्ध्यावर येतो.

आता काही सिग्नलला आकडे असतात, उलटे मोजणारे. ते सोयीचे आहेत, पण त्यांनी एक नवीन रोग आणला. लाल दिव्यात उभा माणूस तीन-दोन बघून एकवरच गाडी सोडतो. आणि हिरव्यातून येणारा चार-तीन बघून एक्सलरेटर पिळतो. दोघंही दिव्याकडं नाही, आकड्याकडं बघतात. आणि दोघं भेटतात कुठं? चौकाच्या मध्यभागी.

गेल्या पावसाळ्यात आपल्या बी विंगमधल्या वहिनींचा पाय याच चौकात मोडला, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. त्यांना विचारूनच मी हे सांगतोय. वहिनी लाल दिव्यात थांबल्या होत्या, रेषेच्या आत. दिवा हिरवा झाला आणि त्या निघाल्या. त्यांची काडीचीही चूक नव्हती. डावीकडून एक मोटरसायकलवाला शेवटच्या पिवळ्यात घुसला होता. वहिनी चार महिने घरात बसल्या. मोटरसायकलवाला म्हणाला, "मी निघालो तेव्हा पिवळा होता." खरंच असेल. पण वीस मीटर रुंदीचा चौक ओलांडायला ४० च्या वेगातही जवळजवळ दोन सेकंद लागतात. पिवळ्याच्या शेवटाला रेषा ओलांडणारा माणूस पुढची दोन सेकंदं चौकातच असतो. कायद्यात कोण बरोबर हे नंतर ठरतं. हाड आधी मोडतं.

म्हणून माझी दुसरी विनंती. हिरवा झाला की मनात मोजा, "एक एसटी, दोन एसटी". तोवर उजवीकडं बघा, डावीकडं बघा, परत उजवीकडं बघा, मग निघा. मागचा हॉर्न वाजवील. वाजवू द्या. हॉर्ननं कोणाचं हाड मोडलेलं मी पाहिलं नाही. दोन सेकंदांनी तुमची ट्यूशन चुकत नाही, ऑफिस चुकत नाही, वऱ्हाडात कोणाचं लग्नही चुकत नाही. आपल्याकडची लग्नं कधी वेळेवर लागली आहेत?

इंजिनिअर मंडळी असं सांगतात की चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकात वाहनं एकमेकांना भिडू शकतील अशा ३२ जागा असतात. बत्तीस! सिग्नल काय करतो, तर त्या बत्तीस जागा वेळेत वाटून देतो. आता तुझी पाळी, मग त्याची पाळी. म्हणजे सिग्नल ही वाटणी आहे. आपल्या सोसायटीत पाण्याची वेळ ठरलेली आहे तशी. एकानं पाळी मोडून मोटर लावली की दुसऱ्याच्या टाकीत पाणी चढत नाही. चौकात पाळी मोडली की काय होतं ते वर सांगितलं.

थांबायचं कुठं, हाही प्रश्न आहे. झेब्रा पट्ट्यांच्या आधी एक जाड पांढरी आडवी रेष असते. तिच्या आत थांबायचं. आपण झेब्र्यावर थांबतो, झेब्र्याच्या पुढं थांबतो, आणि पुढं गेल्यावर आपल्याला दिवाच दिसत नाही. मग दुसऱ्या बाजूचा दिवा बघून अंदाजानं निघतो. आणि ज्यांच्यासाठी पट्टे आहेत त्यांनी जायचं कुठून? धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो. पंधरा मीटरचा रस्ता त्याला बारा सेकंदांत पार होतो. आपल्या सोसायटीतल्या आजी गुडघे धरत चालतात, त्यांना अठरा-वीस सेकंद लागतात. त्या मधल्या डिव्हायडरवर अडकलेल्या असताना आपण हॉर्न वाजवतो. त्या कोणाच्या तरी आजी आहेत, इतकं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

"डावं वळण मोकळंच असते ना काका?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर असं की जिथं तसा फलक आहे किंवा हिरवा बाण आहे, तिथंच मोकळं. फलक नसेल तर लाल म्हणजे लाल. आणि मोकळं असलं तरी पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

आता मोठ्या गाड्यांबद्दल. हे माझं शेत आहे, त्यामुळं जरा जोर देऊन सांगतो. बसच्या किंवा ट्रकच्या चालकाला उंच बसवलेलं असतं म्हणून त्याला सगळं दिसतं, असा लोकांचा समज आहे. तसं नाही. त्याच्या अगदी नाकासमोर, म्हणजे बंपरला चिकटून उभी असलेली स्कुटी त्याला दिसत नाही. डाव्या दरवाज्याच्या खाली उभा असलेला सायकलवाला दिसत नाही. बरोबर मागं असलेला दिसत नाही. साधा नियम सांगतो. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. दुसरं म्हणजे, लांब गाडी वळते तेव्हा पुढचं चाक ज्या वाटेनं जातं त्या वाटेनं मागचं चाक जात नाही. ते आतून कापतं. एसटीचं तोंड रस्त्याच्या मध्यावर दिसतं, डाव्या बाजूला दोन-चार फूट जागा दिसते, पोरगं म्हणतं घुसू या, आणि मागचं चाक त्याच जागेवर येतं. वणीकडं कोळशाच्या खाणी आहेत, तिथले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना अवजड गाड्यांची वळणं माहीत आहेत. चौकात मोठी गाडी डावीकडं वळत असेल तर तिच्या मागं थांबा. बाजूला नाही, मागं.

आपल्या यवतमाळच्या हवेचाही विचार केला पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ कडं सरकतो. दुपारी दोन वाजता डांबरावर नव्वद सेकंद उभं राहणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. म्हणून लोक काय करतात? झाडाची सावली पन्नास फूट मागं असते, तिथं थांबतात, आणि हिरवा झाला की तिथून सुसाट निघतात. किंवा "कोणी नाही" म्हणत लालमध्येच काढतात. सावलीत थांबा, हरकत नाही, पण निघताना चौकात तोच हळू वेग. तोंडाला बांधलेला रुमाल, ओढणी डोळ्यांच्या कडेवर येऊ देऊ नका, कारण चौकात येणारं संकट नेहमी कडेनं येतं. आणि पावसाळ्याचा पहिला पाऊस! सिग्नलपाशी रोज शेकडो गाड्या उभ्या राहतात, त्यांचं तेल थेंब-थेंब गळतं. उन्हाळाभर साचलेलं ते तेल पहिल्या सरीत वर येतं. ओल्या झेब्रा पट्ट्यांवरही चाक घसरतं. तिथं समोरचा एकटा ब्रेक जोरात दाबला की गाडी खालून निघून जाते. दोन्ही ब्रेक, हळूहळू, आणि गाडी सरळ असतानाच.

सिग्नल बंद असला तर? आपल्याकडं लाईट जाते, सिग्नल जातो, आणि मग ज्याची गाडी मोठी त्याचा रस्ता. नियम असा नाही. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जायचं. लाल लुकलुकत असेल तर थांबायचं, मोकळं आहे ते बघायचं आणि मग जायचं. सगळंच बंद असेल तर तो बिनसिग्नलचा चौक समजायचा आणि आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पोलीस उभा असेल तर त्याचा हात हाच दिवा. आणि रुग्णवाहिकेचा आवाज आला की बाजू द्यायचीच. तिला अडवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण दंडासाठी कशाला? आत आपलंच कोणी असू शकतं.

आता जरा कडू बोलणार आहे. सचिव साहेबांनी आधीच सांगितलंय की चहा नंतर आहे, म्हणजे कोणी उठून जाणार नाही.

आपलं गेट ज्या रस्त्यावर आहे, त्याला मधे डिव्हायडर आहे. गावात जायचं तर आधी डावीकडं साडेतीनशे मीटर जाऊन वळून यावं लागतं. आपल्यातले बहुतेक जण ते करत नाहीत. गेटमधून निघून सरळ उजवीकडं, राँग साइडनं, दीडशे पावलं चौकापर्यंत जातात. गेल्या महिन्यात एका सकाळी मी वॉचमनच्या खुर्चीवर तासभर बसलो. त्या वेळेत गावाकडं निघालेल्या दुचाक्यांपैकी फार थोड्या डावीकडं गेल्या. बाकी सगळ्या उलट्या. नावं सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

याचा हिशेब ऐका. जायचे साडेतीनशे, यायचे साडेतीनशे, सातशे मीटर जास्त. ताशी २५ च्या वेगात पावणेदोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कुटीला पेट्रोल लागतं दीड-पावणेदोन रुपयांचं. म्हणजे पावणेदोन मिनिटं आणि पावणेदोन रुपये वाचवायला आपण समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात जातो. चौकातून आपल्या रस्त्याला डावीकडं वळणारा चालक कुठं बघतो? उजवीकडं, कारण तिकडून गाड्या येतात. समोरून, त्याच्याच बाजूनं, तोंडावर कोणी येईल हे त्याच्या मनातही नसतं. त्याची चूक नाही. मागं स्कुटीवर शाळेचा गणवेश घातलेलं लेकरू असतं आणि तेही हे सगळं बघत असतं. आपण त्याला "पुढं बघून चालव बरं" असं दहा वेळा सांगू, पण ते शिकणार आपण जे करतो तेच.

दुसरं कडू. सोसायटीतली सोळा-सतरा वर्षांची पोरं गाडी चालवतात. आईवडील म्हणतात, "गिअरची नाही ना, मोपेडच आहे. सोळाला चालते." नीट समजून घ्या. सोळाव्या वर्षी जो परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. आज आपल्या पार्किंगमध्ये ज्या स्कुट्या उभ्या आहेत त्या ११०, १२५ सीसीच्या. त्यांना अठरा पूर्ण पाहिजेत. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९ अ प्रमाणं पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत परवाना मिळत नाही. पण मी कायद्याचा धाक घालायला उभा नाही. सोळा वर्षांच्या पोराचे हात चपळ असतात, डोळे चांगले असतात, ते गाडी माझ्यापेक्षा छान वळवतं. त्याच्याकडं नसतो तो अंदाज. समोरचा चुकणार आहे, हे ओळखायला वर्षं लागतात. चौकात हातापेक्षा तोच अंदाज वाचवतो.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगतो. सिग्नलला थांबलात म्हणजे फोन बघायची सुट्टी नाही. लाल दिवा तोडणं आणि चालवताना हातात फोन धरणं, दोन्ही कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगच्या एकाच कलमात आहेत. हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा हनुवटीखाली. आरशाला अडकवलेलं हेल्मेट आरशाचं रक्षण करतं. मागं बसणाऱ्यालाही तेच लागू. घेताना आयएसआयची खूण बघून घ्या, रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत मिळतं ते टोपलं आहे. आणि कारमध्ये मागच्या सीटवरही पट्टा लावा.

एवढं करूनही अपघात झाला, डोळ्यांसमोर झाला, तर घाबरू नका. ११२ किंवा १०८ लावा. "पोलीस मागं लागतील, कोर्टात बोलावतील" ही भीती आता काढून टाका. कलम १३४ अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे, तिच्यात अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशांचा उपचार मिळतो. आपल्या गावात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जखमीला पाणी पाजू नका, बेशुद्ध असेल तर मान हलवू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. आणि कोणीतरी मागं उभं राहून येणाऱ्या गाड्यांना थांबवा. मदत करणाऱ्याच्या अंगावर दुसरी गाडी येते, असंही होतं.

शेवटी कामाचं बोलू. रौप्यमहोत्सवात आपण रंगरंगोटी केली, कारंजं बसवलं, छान झालं. मी कार्यकारिणीपुढं चार गोष्टी मांडतो. येत्या सर्वसाधारण सभेत त्यांचा ठराव घ्यावा.

एक. सोसायटीच्या लेटरहेडवर, सभासदांच्या सह्यांनिशी पत्र द्यायचं. रेषा, झेब्रा, फलक आणि खड्डे ही कामं रस्ता ज्याचा त्याची. तो नगर परिषदेचा, बांधकाम विभागाचा की महामार्गाचा, हे आधी विचारून घ्यायचं, नाहीतर पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. दिव्यांच्या वेळेबद्दल वाहतूक शाखेला लिहायचं, आणि सगळ्याची एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. मागायचं काय, तेही नेमकं. थांबरेष परत रंगवा. पिवळ्यानंतर चारही बाजूंना दोन सेकंद लाल ठेवा. पायी जाणाऱ्यांना वीस सेकंद द्या. आणि दिव्यासमोर आलेली कडुनिंबाची फांदी छाटा. फांदीच छाटा, झाड नाही.

दोन. डिव्हायडर आपल्या गेटसमोर फोडून द्या, अशी मागणी काही सभासद करतात. ती करू नये. चौकाच्या इतक्या जवळ आणखी एक तोंड उघडलं की भिडायच्या जागा वाढतील. त्यापेक्षा गेटच्या आतल्या बाजूला बाण काढा, "डावीकडेच वळा" अशी पाटी लावा.

तीन. अठरा वर्षांखालच्या मुलाला गाडी घेऊन वॉचमननं गेटबाहेर सोडू नये. वॉचमनला शिव्या खाव्या लागतील म्हणून ठराव सभेचा असावा, त्या बिचाऱ्याचा नाही. मुलांच्या ट्यूशनसाठी आठवड्याची पाळी लावून चार घरांनी एक गाडी करावी. सायकली तर आहेतच, त्यांच्या हवा गेलेल्या ट्यूबांत हवा भरा.

चार. जूनच्या पहिल्या रविवारी सगळ्या दुचाक्यांचे ब्रेक, टायर, मागचा लाल दिवा आवारातच तपासायचा. मिस्त्री बोलावू, मी स्वतः उभा राहीन. तपासणी फुकट, चहा सोसायटीचा.

यातलं शासनानं करायचं ते शासन करील, आपण मागं लागलो तर लवकर करील. पण गेटमधून डावीकडं वळायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. ते उद्या सकाळपासून होतं.

एवढं बोलून मी थांबतो. थांबायचं कुठं, हे शिकवण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळं वेळेत थांबलो असं समजा.